भामरे वहिनींचं वाण

लग्न होऊन नाशकात आले त्या वर्षीच्या संक्रांतीला मी शेजारच्या भामरे वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. "वाण काय दिलं गं?" त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. "वांगं आणि द्राक्ष ही एकमेकांची भावंडं आहेत, असं सांगितलं." सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. एवढी पारखून सून आणली आणि ती अशी निघाली, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

माझा त्यात काही दोष नव्हता. भामरे वहिनींच्या घरचा रिवाजच तसा होता. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला उखाणा घेतलेला चालत नसे. "नवऱ्याचं नाव रेशनकार्डावर आहे, मला वाचता येतं," असं त्या तोंडावर सांगत. उखाण्याऐवजी एकतर आपण प्रश्न विचारायचा, नाहीतर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आणि वाण म्हणून स्टीलची वाटी, प्लॅस्टिकचा डबा असलं काही न देता त्या एक माहिती देत. "वाट्या तुमच्याकडे माळाभर पडल्यात. हे घेऊन जा. घासावं लागत नाही." मला त्या वर्षी मिळालं ते असं: वांगं, टोमॅटो, द्राक्ष आणि केळं ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सगळी मृदुफळं, इंग्रजीत बेरी, एकाच जातकुळीतली. आणि नावात बेरी असलेली स्ट्रॉबेरी मात्र त्यांच्यात बसत नाही. मी हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि भरल्या वांग्यांकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने बघण्याची माझी सोय कायमची संपली.

अंबडच्या कारखान्यांत नोकऱ्या करणाऱ्यांची आमची कॉलनी. भामरे भाऊ आणि आमचे हे एकाच कंपनीत, म्हणून ह्यांच्या त्या वहिनी आणि ह्यांच्या म्हणून माझ्याही वहिनीच. माहेर सटाण्याकडचं. कॉलेजात शास्त्र शाखेची दोन वर्षं झाली आणि लग्न झालं. त्याबद्दल त्या हळहळत बसत नसत. "दोन वर्षांत मला कळलं की पुस्तकातही चुका असतात. पुढे शिकून अजून काय वेगळं कळणार होतं?" असं म्हणत. बोलणं एरवी शहरातलं, पण अंगात आलं की अहिराणी बाहेर पडे. कोणी काही माहिती सांगितली की त्या मान तिरपी करून विचारत, "खरं शे का?" म्हणजे खरं आहे का. हा प्रश्न त्या भाजीवाल्याला विचारत, डॉक्टरांना विचारत, दूरदर्शनवरच्या बातम्या देणाऱ्या बाईलाही विचारत. नम्रपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. आपलं खरं ठरलं की त्या ते चार घरी जाऊन सांगून येत, आणि चौथ्या घरी चहा घेत.

त्यांचा एक नियम होता. ज्याला हात लावता येतो ते हात लावून बघायचं. ज्याला हात लावता येत नाही, म्हणजे ऑक्टोपसला तीन हृदयं असतात वगैरे, ते दोन वेगळ्या ठिकाणी विचारायचं, आणि त्या दोघांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं नसलं पाहिजे. ही शेवटची अट फार महत्त्वाची. बसस्टँडवर मिळणारी सामान्यज्ञानाची पुस्तकं त्या आणत, पण शेजारी शेजारी ठेवून वाचत आणि मला दाखवत. "हे बघ सुषमा, ह्याने शहामृगाच्या ओळीत जी चूक केली तीच त्यानेही केली. परीक्षेत असं सापडलं असतं तर दोघांना वर्गाबाहेर काढलं असतं."

एकदा कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की अंडं उभं राहतं ते वर्षातून फक्त दिवस-रात्र सारखे असतात त्याच दिवशी. वहिनींचं घर शाकाहारी. त्यांनी समोरच्या शेखभाभींकडून अंडं मागून आणलं. शेखभाभी शिवणकाम करायच्या. सगळ्या कॉलनीचे ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश त्यांच्याकडे. त्या अंडं देऊन स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या, अंड्यामागोमाग स्वतःही आल्या. ऐन जुलैत, साध्या मंगळवारी दुपारी, त्या दोघी ओट्यावर अंडं उभं करत बसल्या. अंडं पडायचं, भाभी हाताने झेलायच्या. मी ते बघत उभी. चहाची वेळ झाली, भामरे भाऊ पाळीवरून आले, त्यांना स्वयंपाकघरात यायची बंदी. ते बिचारे बाहेरच्या खोलीत डबा मांडीवर घेऊन बसले. आणि मग वहिनींनी बोटं हलकेच बाजूला घेतली, आणि अंडं उभं राहिलं. ओट्यावर, गॅसच्या शेजारी, अगदी शहाण्यासारखं. "अहो, या," वहिनी आतून म्हणाल्या. भाऊ आले, बघितलं, म्हणाले, "बरं. आता चहा?" वहिनी म्हणाल्या, "चहा होईल. आधी सांगा, आज दिवस-रात्र सारखे शेत का?" भाऊंनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्या संध्याकाळी कॉलनीतल्या निम्म्या बायका ते अंडं बघून गेल्या. माझ्या सासूबाईही गेल्या. येऊन मला म्हणाल्या, "बाई वेडी आहे, पण अंडं उभं आहे."

एका हिवाळ्यात आम्ही बायका त्र्यंबकला गेलो. दर्शन झालं, आणि वहिनी म्हणाल्या, ब्रह्मगिरी चढू. बाकीच्या पायथ्याशीच बसल्या. मी, वहिनी आणि सोबत आलेल्या शेखभाभी, आम्ही तिघीच वर गेलो. वर वारा इतका की पदर हातात धरून ठेवावा लागत होता. माझा जीव खाली बसलेल्यांच्या डब्यातल्या पुऱ्यांत अडकला होता. वहिनी मात्र कड्याजवळ उभ्या राहून खाली बघत होत्या. "आपण आलो तो रस्ता दाखव," त्या म्हणाल्या. मी डोळे बारीक करून शोधला आणि दाखवला. "तो काय, दोऱ्यासारखा." "दोऱ्यासारखा," वहिनी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने पुन्हा स्वतःशीच म्हणाल्या, "दोऱ्यासारखा." परतीच्या एसटीत त्या गप्प होत्या. त्या गप्प असल्या की आम्हाला काळजी वाटे.

आता गणपतीचं सांगते. आमच्या कॉलनीच्या मंडळात दरवर्षी रविवारी दुपारी प्रश्नमंजुषा व्हायची. मोठा करंडक, माईक, सूत्रसंचालनाला शहरातल्या क्लासचे जोगळेकर सर. पण ती पुरुषांची आणि मुलांची. बायकांसाठी रांगोळी, पाककला आणि संगीत खुर्ची. वहिनी दरवर्षी मंडळाचे अध्यक्ष अण्णा बोरस्ते यांच्याकडे जात आणि महिलांचा संघ घ्या म्हणत. अण्णा माणूस वाईट नव्हते, पण त्यांना वाटे की बायकांचं हसं होईल आणि मग घरोघरी रुसवे होतील. त्या वर्षी ते वैतागून म्हणाले, "ठीक आहे वहिनी. उतरा. पण एक ठरवू. जिंकलात तर दरवर्षी महिलांचा संघ. हरलात तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी आहे तोवर संगीत खुर्ची." आम्ही काही म्हणायच्या आत वहिनी म्हणाल्या, "चालेल."

मी आणि शेखभाभी त्यांच्या संघात होतो, आम्हाला विचारायची पद्धत नव्हती. भाभी म्हणाल्या, "अरे बाप रे, हम हारे तो पूरी कॉलनी की औरतें जिंदगीभर कुर्सी के गोल गोल घूमेंगी." तेच खरं होतं. आमच्या एका दुपारवर पुढच्या सगळ्या गणपतींचं ठरणार होतं, आणि वहिनींनी ते इतक्या सहज मान्य केलं होतं जणू चुलीवर भाकरी टाकायचीय.

त्या रविवारी मांडव खच्चून भरला. घंटा म्हणून प्रत्येक संघापुढे स्टीलची ताटली आणि चमचा. समोर मंडळाचा तरुणांचा संघ, इंजिनियरिंगला असलेली तीन मुलं, दरवर्षी जिंकणारी. मी एका प्रश्नाचं उत्तर दिलं, तेही वाणात मिळालेलं, केळ्याचं. भाभींनी मधमाशीचे पाच डोळे सांगितले. बाकी सगळं वहिनी. शुक्रावरचा दिवस शुक्राच्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे त्यांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं आणि वर सरांना विचारलं, "का ते सांगू का?" सर म्हणाले नको. शेवटच्या प्रश्नाला दोन्ही संघ बरोबरीत होते. मागे बसलेल्या बायका पुढे सरकल्या होत्या. पहिल्या रांगेत सासूबाई.

सरांनी कार्ड वाचलं. "चंद्रावरून उघड्या डोळ्यांनी दिसणारी मानवनिर्मित वास्तू कोणती?"

वहिनींनी ताटली वाजवली. "कुठलीच नाही."

सरांना वाईट वाटलं असावं, कारण ते हळू म्हणाले, "चूक." पलीकडून मुलं एका सुरात म्हणाली, "चीनची भिंत." मांडवात टाळ्या झाल्या, अण्णा करंडक द्यायला उठलेसुद्धा. झालं, म्हटलं, फिरा आता खुर्चीभोवती.

वहिनी बसल्या नाहीत. मान तिरपी करून त्यांनी विचारलं, "खरं शे का?"

सरांनी कार्ड दाखवलं. मुलांपैकी एकाने दप्तरातून पुस्तक काढलं, दुसऱ्याने दुसरं काढलं. दोन्हींत चीनची भिंत. वहिनी म्हणाल्या, "एकाचं बघून दुसऱ्याने छापलंय. चंद्रावर कोण गेलं होतं त्यातलं?" सर समजुतीने म्हणाले, "वहिनी, ती भिंत हजारो किलोमीटर लांब आहे."

"लांब आहे. रुंद किती?"

"असेल पाच-सहा मीटर."

"आपला मुंबई-आग्रा रस्ता त्याहून रुंद आहे, सर. आणि तोही लांबच आहे. तो दिसतो का चंद्रावरून?"

लोक हसले, पण कार्डवरचं उत्तर काही बदललं नाही. अण्णा करंडक हातात धरून अवघडून उभे होते. तेव्हा वहिनी भाभींकडे वळल्या. "भाभी, खाकी रीळ आहे का?" भाभींच्या पिशवीत शाळेच्या हाफपँटींचं काम कायम असायचं. त्यांनी रीळ काढून दिलं. वहिनी म्हणाल्या, "भिंत तिथल्याच मातीची आणि दगडाची, म्हणून दोराही मातीच्या रंगाचा." मांडवापुढच्या मातीच्या पट्टीवर, खांबापासून पार सार्वजनिक नळापर्यंत, त्यांनी तो दोरा सरळ अंथरला. लोक दोन्ही बाजूंना सरकून उभे राहिले. "सर, आता शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर जा आणि दोरा दिसतो का सांगा. चंद्र तर फारच पुढे राहिला."

सर गेले. क्लासचा माणूस, सरळमार्गी, कसोटीला घाबरणारा नव्हे. ते जिन्यात दिसेनासे होताच वहिनींनी भाभींना नुसता हात केला. भाभींनी दोरा गुंडाळला. आयुष्यभर शिवण केलेला हात, बघता बघता सगळा दोरा रिळावर. मांडवात कोणी चकार शब्द काढला नाही. कोणी सांगितलंही नव्हतं गप्प राहा म्हणून.

सरांचं डोकं गच्चीच्या कठड्यावर दिसलं. ते वाकले, चष्मा सारखा केला, आणि ओरडून म्हणाले, "दिसतोय वहिनी. स्पष्ट दिसतोय."

"कुठून कुठपर्यंत, सर?"

"मांडवाच्या खांबापासून. पार नळापर्यंत."

वहिनींनी रीळ हात उंच करून धरलं.

हशा जो फुटला, एवढा आवाज गणपतीच्या आरतीलाही कधी ऐकला नव्हता. सासूबाई तोंडाला पदर लावून डुलत होत्या. मला मात्र सरांचं वाईट वाटत होतं, आणि मुलंही चिडली. त्यांच्यातला एक म्हणाला, "काकू, हा पुरावा नाही, ही फसवणूक आहे." वहिनी लगेच म्हणाल्या, "बरोबर आहे. आता पुरावा. दोरा पुन्हा टाकते, ह्या खेपेला काढणार नाही, तुझे मित्र इथे राखणीला ठेव. तू वर जा आणि खरं काय ते सांग." मुलगा गेला. दोरा जागच्या जागी होता, सगळे बघत होते. मुलगा गच्चीवरून बराच वेळ खाली बघत राहिला. त्याच्या एका शब्दावर करंडक त्याच्या घरी जाणार होता, आणि ते त्यालाही माहीत होतं. मग तो म्हणाला, "नाही दिसत." आणि पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काकू, नाही दिसत." त्या मुलाचं मला आजही कौतुक वाटतं.

सर खाली आले ते हसत. कपाळावर घाम होता. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "मला दोरा दिसला, कारण तो तिथे आहे हे मला आधीच ठाऊक होतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही भिंत अशीच दिसली असणार. भामरे वहिनींचं उत्तर बरोबर." मग त्यांनी ते कार्ड घेतलं, चीनची भिंत खोडली, आणि वर पेनाने लिहिलं, कुठलीच नाही.

करंडक घेताना वहिनींनी संकोच वगैरे काही दाखवला नाही. दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि मांडवाला वळसा घातला. मागे बायका, लहान मुलं, ढोल वाजवणारी पोरं. भामरे भाऊ कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम जमत नव्हतं. अण्णा म्हणाले, "वहिनी, शब्द म्हणजे शब्द." घरी येताना सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, "वांगं आणि द्राक्ष ही भावंडं आहेत, तुम्हाला माहितीय का? आमच्या सुनेला विचारा." मी ते ऐकलं आणि मला जो आनंद झाला तो करंडकाच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

पुढच्या वर्षी महिलांचे दोन संघ आले. त्याच्या पुढच्या वर्षी चार. बायकांनी वहिनींचं वाण इतक्या वर्षांत साठवून ठेवलं होतं, ते आता बाहेर येऊ लागलं. नवं सहस्रक लागलं तोवर पहिल्या फेरीतच पुरुषांचे संघ गळायला लागले. ते सगळे अण्णांकडे गेले, की आमच्यासाठी काहीतरी वेगळी स्पर्धा ठेवा. अण्णांनी पुरुषांची संगीत खुर्ची ठेवली. पहिल्याच डावात अण्णा स्वतः बाद झाले.

वहिनींना मी शेवटचं बघितलं ते ह्यांची बदली पुण्याला झाली त्या वर्षीच्या गणपतीत. तोवर जोगळेकर सरांनीच हट्ट धरून माईक वहिनींच्या हाती दिला होता. त्या प्रश्न विचारायच्या, सर शेजारी बसून गुण मांडायचे. केस पिकलेले, आवाज मात्र तसाच. एका प्रश्नाचं उत्तर सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आपल्या उत्तर गोलार्धात मोरीतलं पाणी जाताना नेहमी एकाच बाजूला फिरतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी म्हणाल्या म्हणजे खरंच असणार.

मागच्या रांगेत पेठ तालुक्याकडून नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. अजून कोणाशी फारशी बोलत नसे. ती अर्धवट उठली आणि म्हणाली, "पण खरं हाय का ते? आमच्या मोरीत तर कधी इकडून फिरतं, कधी तिकडून."

तिच्या सासूने तिचा पदर ओढला. मी वहिनींकडे बघितलं. हातातलं कार्ड त्यांनी सरांच्या पुढ्यात ठेवलं, पदर खोचला आणि मंचावरून खाली उतरल्या. त्या मुलीजवळ जाऊन त्यांनी तिचा हात धरला.

"मी हे एकाच पुस्तकात वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि करून बघितलं नाही. चल. कोणीतरी बादली आणा."

सगळा मांडव त्या दोघींच्या मागून निघाला. आधी बोरस्त्यांची मोरी झाली, मग शेखभाभींची, मग आमची. पाणी कधी इकडून फिरलं, कधी तिकडून. प्रत्येक मोरीपाशी वहिनी खाली वाकून बघत आणि त्या मुलीला म्हणत, "बघ, तुझंच खरं शे." आमच्या मोरीतून बाहेर पडताना त्यांच्या साडीचा काठ ओला झालेला होता. त्यांनी तो पिळला, जिन्यात थांबल्या आणि वरून खाली उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका गं. भामरेबाई चुकली." करंडक डोक्यावर घेऊन वळसा घातला होता तेव्हासुद्धा त्या इतक्या खूश दिसल्या नव्हत्या. मग त्यांनी त्या मुलीला पुढे घातलं, आणि आम्ही सगळे तिच्या मागून पुन्हा मांडवात गेलो.